परातीतला ग्रँड कॅन्यन

आमच्या मॅनेजरना माणसांची खरी नावं कधी लक्षात राहिली नाहीत, आणि लक्षात ठेवावीत असं त्यांना वाटलंही नाही. नाटकात जो जे काम करील ते त्याचं नाव, संपलं. सासूचं काम करणाऱ्या आमच्या एका बाईला ते भर बाजारात "ओ सासू, बस सुटतेय!" अशी हाक मारायचे आणि भाजी घेणाऱ्या सगळ्या बायका वळून बघायच्या. आमच्या ह्यांनी जन्मभर इन्स्पेक्टरची कामं केली. शेवटच्या अंकात यायचं, "कुणीही जागचं हलू नका" म्हणायचं आणि खुनी पकडायचा. म्हणून हे इन्स्पेक्टर. पुढे कंपनी बंद पडली, ह्यांचे केस गेले, मुलीचं लग्न होऊन ती अमेरिकेला गेली, तरी दारात हाक तीच, "काय इन्स्पेक्टर, आहेस ना?" चारकोपच्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांना खरंच वाटतं की आमच्याकडे पोलीस राहतात. त्याचा फायदा असा की आमच्या दाराबाहेरच्या चपला कधी गेल्या नाहीत.

मी त्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. म्हणजे इस्त्री, टाके, ट्रंका आणि ऐन वेळी तुटणारी हुकं. तिथेच ह्यांच्याशी लग्न झालं, म्हणून मॅनेजरच्या तोंडी मी वहिनी.

मॅनेजर उंचीने बेताचे, आवाजाने दांडगे. पांढरा हाफ शर्ट, पायांत बाराही महिने सँडल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पितळेची घंटा. थिएटरात विजेची घंटा असते, बटण दाबलं की काम झालं. मॅनेजरना ते पसंत नाही. "बटनाला काय कळतं नट तयार आहे की नाही?" पहिली घंटा दिली की विंगेत फिरून एकेकाचा चेहरा बघणार, मग दुसरी. आणि तिसरीच्या आधी असे थांबणार, असे थांबणार, की आमचाच जीव वर यायचा. वाजली की मात्र नटाच्या अंगात काहीतरी शिरल्यासारखं व्हायचं. त्या घंटेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका नव्या नटाने गंमत म्हणून उचलली, तर मॅनेजर मालवणीत गेले. रागावले की ते मालवणीत जायचे. "ठेव ती खाली! तुझ्या बापाशीन दिल्यान काय तुका?" त्या नटाने पुढे सबंध दौऱ्यात त्यांच्यासमोर साधी कपबशीसुद्धा वाजवली नाही.

आणि गंमत सांगते, ह्या माणसाने एकही प्रयोग बघितला नाही. पडदा वर गेला की मॅनेजर बाहेर, बसच्या पायरीवर ड्रायव्हरबरोबर गप्पा मारत बसलेले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅनेजरने प्रयोग बघायचा नसतो, वहिनी. पोचवायचा असतो." सगळा महाराष्ट्र फिरले, पण गावं त्यांना कशी ठाऊक, तर स्टेजच्या बाजूने. कोल्हापूर म्हटलं की "विंगेत जागा ऐसपैस." नाशिक म्हटलं की "मेकअप रूममधून स्टेजवर जाताना चार पायऱ्या." लेणी, किल्ले, धबधबे सगळं आमच्या बसच्या दोन्ही बाजूंनी गेलं आणि मॅनेजर त्या वेळी पुढच्या सीटवर मान टाकून झोपलेले. कारण नाटकाची बस रात्रीच चालते. प्रयोग संपला की जेवायचं, सामान चढवायचं आणि निघायचं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरून मोठी मजा झाली.

आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार जडला तो हळूहळू. सकाळी गोळ्यांमुळे पेंगतात, दुपारी झोपतात, जागे होतात ते उन्हं उतरताना, आणि नेमके तेव्हाच बिथरतात. "बस आली का? माझी टोपी कुठाय? अजून मेकअप नाही झाला." एकदा लिंक रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली आणि हे उतरून सरळ चालायलाच लागले. "माझी एन्ट्री आहे," म्हणाले. मागून गाड्या सुटल्या होत्या. मी भाजीची पिशवी तिथेच टाकून धावले. ह्यांना घेऊन रिक्षात परत बसले तेव्हा रिक्षावाला मला म्हणाला, "आजी, आधी पाणी प्या."

घरात ह्यांचा जीव रमायचा एकाच ठिकाणी. आमची मुलगी नीलू अमेरिकेत फिनिक्सला असते. तिने एक कॅलेंडर पाठवलं होतं, त्यात मार्च महिन्यावर ग्रँड कॅन्यनचं चित्र. संध्याकाळच्या उन्हात तांबडीलाल झालेली ती दरी, एकामागे एक कडे. हे त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. पान उलटू द्यायचे नाहीत. आमच्याकडे वर्षभर मार्चच होता. एक दिवस मॅनेजर आले तर हे चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "मॅनेजर, इथला प्रयोग कधी?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. मॅनेजर जवळ गेले, चष्मा वर करून चित्र बघितलं आणि म्हणाले, "तारीख मिळाली की लावतो."

मॅनेजरनी लावतो म्हटलं म्हणजे लावतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन भेटले. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर यंदाच न्या, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. व्हिसा आमचा होता, नीलूच्या बाळंतपणाला गेलो होतो तेव्हाचा. पण नीलूच तयार होईना. फोनवर रडायलाच लागली. "आई, तिथे गाडी तासन्‌तास पळते, आजूबाजूला चिटपाखरू नसतं. दार लॉक करता येईल गं, पण कोंडल्यासारखं झालं की बाबा किती घाबरतात तुला माहीत आहे. आणि त्या दरीच्या काठावर संध्याकाळी बिथरले तर? कोण आवरणार?"

तिचं खोटं नव्हतं. मॅनेजर मात्र माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि भांडी बाहेर काढायला लागले.

"अहो, काय करताय?"

"दौरा लावतोय. तू चहा ठेव."

फरशीवर मधोमध परात मांडली. तो ग्रँड कॅन्यन. तांब्या म्हणजे फिनिक्स. मॉन्युमेंट व्हॅलीला तीन पेले उभे केले, कारण तिथे म्हणे लाल मातीत नुसते सुळके उभे आहेत. झायनला वाटी, ब्राइसला वाटी, दगडी कमानींचा कुठला पार्क आहे त्याला चिमटा आडवा. नीलू व्हिडिओ कॉलवर होती, तिला फोन फिरवून सगळं दाखवलं. मॅनेजरनी विचारल्यावर तिने आपले पाच पार्क सांगितले होते, कुणाला फिरवायचं म्हणजे तिकडे एका दमात एवढे करतात. मॅनेजरनी चिमटा उचलून ओट्यावर ठेवला. मग ब्राइसची वाटी उचलली. "इन्स्पेक्टरला तीनच्या वर झेपायचे नाहीत."

"मग आधी ग्रँड कॅन्यनच करू ना काका, तोच जवळ आहे," नीलू म्हणाली.

"नाही. पहिल्या प्रयोगाला नट थंड असतो. शेवटच्याला त्याचं लक्ष घराकडे. मोठं थिएटर मधे. बरं, तिकडचा कॉन्ट्रॅक्टर कोण?"

दौऱ्यावर गावोगाव प्रयोग ठरवणारा, जेवणाखाण्याचं बघणारा एक कॉन्ट्रॅक्टर असतो. नीलूने सांगितलं, "काका, तिथे कुणी नसतं. वाळवंट आहे ते."

"कुणी नाही? मग तिकीट कोण फाडतो?"

"गेटवर एक रेंजर असतो."

"मग त्याच्या कानावर घालून ठेव. म्हणावं मुंबईची पार्टी येतेय, जेवायला कमी तिखट लागतं."

नीलू रडायची थांबली होती, हे मी बघितलं. मग मॅनेजर प्रवासावर आले. "रात्री जेवलं की निघायचं. पहाटे पोचायचं. दिवसभर ताणून द्यायची. संध्याकाळी प्रयोग. रात्री पुढे."

मग नीलू जी हसायला लागली! "काका, अहो लोक तो रस्ता बघायला जगभरातून येतात! काळोखात काय दिसणार? आणि रात्री तिथे हरणं आडवी येतात गाडीला."

"रस्ता कशाला बघायचा? रस्ता ड्रायव्हर बघतो."

मलाही हसू आवरलं नाही. जन्मभर रात्रीच्या बसमधून फिरलेला माणूस, त्याने सबंध वाळवंट काळोखातून पार करायचं ठरवलं होतं! मॅनेजरनी चहा अर्धा ठेवला, सँडल चढवले आणि गेले. पुढे कितीतरी दिवस फिरकले नाहीत. माझ्या फरशीवर परात तशीच. मला उचलवेना, मी तिच्या बाजूने केर काढायची.

आले ते एकदम दुपारच्या उन्हात, घामाघूम. "वहिनी, आज दिवसा बसमध्ये बसलो. चारकोपहून बोरिवली, परत. खिडकीतून बाहेर बघत."

"मग?"

"लोक बरंच काय काय करतात गं रस्त्यावर." खाली बसले आणि म्हणाले, "दिवसा चालवा गाडी. पोरीचं बरोबर आहे." माझ्या ओळखीत पुरुष पुष्कळ, पण एवढ्या वयात आपलं चुकलं म्हणून उन्हात बसचं तिकीट काढून खात्री करून आलेला हा एकच.

मग तालमी सुरू झाल्या. हो, तालमी! खालच्या शेजाऱ्यांची मोठी गाडी आहे, ती कंपाउंडमध्ये उभी असते. मॅनेजरनी किल्ली मागून घेतली आणि आम्हा दोघांना आत बसवलं. गाडी सुरू करायची नाही, नुसतं बसायचं, जेवढा वेळ तिकडे बसायला लागेल तेवढा. थर्मास, चकल्या, सगळं बरोबर. वॉचमन येऊन विचारून गेला, "बॅटरी उतरली का?" सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई खिडकीत वाकून म्हणाल्या, "कुठे निघालात?" मॅनेजर ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाले, "अमेरिकेला. बाजू सोडा." त्या बाजूला झाल्यासुद्धा.

मॅनेजरचं म्हणणं, गाडीत कोण कुठे बसणार हे ठरलं की दौरा ठरला. ह्यांना पुढे बसवून बघितलं, हे दार चाचपायला लागले. माझ्याशेजारी बसवलं, तरी तेच. मॅनेजर कपाळाला हात लावून बसले आणि एकदम म्हणाले, "वहिनी, हा बसमध्ये कुठे बसायचा?"

"मागून दुसरी सीट, डावीकडे. शेजारी माझी ट्रंक."

"ट्रंक खंय आसा?"

माळ्यावर होती. धूळ झटकून आणली, ह्यांना मागून दुसऱ्या सीटवर डावीकडे बसवलं, शेजारी ट्रंक ठेवली आणि मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. ह्यांनी तिच्यावर कोपर टेकलं, बाहेर बघितलं, आणि काय सांगू, जुन्या सवयीने चकलीचा तुकडा मोडून मागे न बघताच माझ्याकडे केला. पुढे वाटेल तेवढा वेळ बसले. दाराला हात नाही लावला.

राहिला काठ. संध्याकाळचा काठ. मॅनेजर म्हणाले, "रंगीत तालीम नॅशनल पार्कात. तिकडे पण नॅशनल पार्क, आपल्याकडे पण नॅशनल पार्क." बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आम्ही उन्हं उतरायच्या बेताला गेलो, एका मोकळ्या जागी थांबलो. समोर टेकडी, झाडी. सावल्या लांब झाल्या तशी ह्यांची चुळबुळ सुरू. "बस कुठाय? टोपी?" मॅनेजरनी पिशवीत हात घातला आणि पहिली घंटा दिली.

ह्यांनी मान वर केली. टकलावरून हात फिरवून नसलेले केस सारखे केले. दुसरी दिली तसं शर्टाचं बटण चाचपलं. मॅनेजर ह्यांच्या तोंडाकडे बघत उभे. बघतायत, बघतायत. मग तिसरी. आणि हे छाती काढून पुढे गेले, टेकडीकडे बघत उभे राहिले, शांत. काळजी म्हणून चेहऱ्यावर राहिली नाही.

"वहिनी, तुम्ही लोक म्हणता हा बिथरतो. अगं, आयुष्यभर ह्या टायमाला त्याला कामावर जायचं असायचं. घंटाच होत नाही, तर करील काय बिचारा?"

तेवढ्यात गार्ड शिटी फुंकत आला. "ओ काका, घंटा नका वाजवू, आत जनावरं आहेत!"

"मग ती पण तयार होतील," मॅनेजर म्हणाले.

मी हा सगळा प्रकार नीलूला सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ये घेऊन बाबांना."

दसरा झाल्यावर निघालो. मॅनेजर यायला कबूल नव्हतेच. आणि मी घंटा मागितली तर तीही दिली नाही. "घंटा मॅनेजरकडेच राहते. तू फोन लाव, मी इथून देतो. तिकडे संध्याकाळ तेव्हा आपल्याकडे सकाळच असते, मी काय झोपलेला असणार आहे?"

गाडी जावई चालवत होता. मागे डावीकडे हे, शेजारी ट्रंक. विमानतळावरच्या माणसाने ती रिकामी ट्रंक उघडून दोनदा आत बघितलं होतं. पहिल्यांदा ते लाल सुळके. हे गाडीतून उतरलेच नाहीत, काचेतून बघितलं आणि डुलकी घेतली. मॅनेजरनी सांगितलंच होतं, पहिल्या प्रयोगाला नट थंड. दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. मी फोटोत पाहिला होता, पण खरं सांगते, कठड्याशी गेले आणि माझे पाय मागे सरले. पायाखालची जमीन कुणीतरी चमच्याने कोरून नेल्यासारखी, आणि तळ दिसेना.

ऊन तांबूस व्हायला लागलं. हे जागे झाले आणि सुरुवात झाली. "बस कुठाय? ट्रंक उतरवली का?" जावयाने हात धरला, तो झटकला. मी फोन लावला. मागे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा ऐकू आला आणि मॅनेजरचा आवाज, "त्याच्या कानाशी धर." पहिली घंटा. ह्यांनी टकलावरून हात फिरवला. दुसरी. शर्टाचं बटण. आणि मग काहीच नाही. फोनमध्ये नुसती शांतता.

"रेंज गेली," नीलू म्हणाली. फोन वर धरून ती गोल गोल फिरायला लागली.

दुसरीनंतर तिसरी आली नाही की नटाचं काय होतं, ते विंगेत उभं राहिलेल्यालाच माहीत. हे एकदा दरीकडे बघत होते, एकदा गाड्या उभ्या होत्या त्या रस्त्याकडे. पाऊल रस्त्याकडे पडलं. माझ्या पिशवीत शिऱ्याचा स्टीलचा डबा होता. डबा काढला, चमचा काढला. वाजवणार, तेवढ्यात हात आवरला. मॅनेजर आधी तोंडाकडे बघायचे. मीही समोर जाऊन ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे माझ्याकडे बघायला लागले. कपडेपटातली बाई समोर आली की नट सवयीने ताठ होतो, कॉलर नीट करून घ्यायला. हे ताठ झाले. मी कॉलर सारखी केली, एक पाऊल बाजूला झाले आणि डब्यावर चमचा मारला.

हे वळले. छाती काढून कठड्यापर्यंत गेले, इन्स्पेक्टर येतो तसे. समोर ती सगळी तांबडीलाल दरी. हात पुढे करून, विंगेत मला रोज ऐकू यायचा तोच आवाज, "कुणीही जागचं हलू नका."

शेजारी एक गोरं जोडपं होतं, ते खरंच हललं नाही. दरीही हलली नाही. लाल रंग विझेपर्यंत हे तिथे उभे होते आणि मी त्यांचा हात धरून. नीलू दुसऱ्या बाजूला. मग हे माझ्या कानाशी वाकले, चिंतेत पडल्यासारखे. "एवढं मोठं थिएटर घेतलंय त्याने? भरणार नाही गं हे."

झायनही उरकून परत आलो त्याच दिवशी मॅनेजर हजर. मी फोटो काढून समोर धरले तर हाताने बाजूला सारले. "ते राहू दे. पडदा वेळेवर गेला?"

"गेला."

"तिसरी कुणी दिली?"

मला जरा धाकधूक वाटली. "मी. डब्यावर. चमच्याने."

"दुसरीनंतर लगेच?"

"नाही. थांबले. हे ताठ होईपर्यंत."

मॅनेजरनी चहाचा एक घोट घेतला. "मग बरोबर," म्हणाले. जन्मभर त्यांच्या कंपनीत राबले, एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती.

आत हे आपल्या खुर्चीत बसले होते, मार्चच्या समोर. मॅनेजर दारात उभे राहिले. "काय इन्स्पेक्टर, आहेस ना?"

ह्यांनी वळून बघितलं. चेहरा उजळला. चित्रावर बोट ठेवलं. "मॅनेजर, इथला प्रयोग कधी?"

माझ्या हातातले फोटो तसेच राहिले. एवढा प्रवास, एवढी दरी, आणि ह्यांच्या डोक्यात त्यातला दगडसुद्धा शिल्लक नव्हता. अहो, जाऊन आलो की आपण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मॅनेजरनी पाठीमागे हात करून मला थांबवलं.

"तारीख मिळाली की लावतो," ते म्हणाले आणि ह्यांच्या पायांशी फरशीवर मांडी घालून बसले. "आधी गाडीत कोण कुठे बसणार, ते ठरवू."

मी फोटो टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघरातून परात आणून दिली. मग तांब्या, मग पेले.